कोडे घालणाऱ्यांचा खेळ : 'लोड रनर'

प्रश्नपत्रिकेतले एखादे गणित चुकीचे निघाले म्हणजे काय होते, हे शिक्षकांना सांगायला नको. वर्गातली हुशार मुले त्यावर अर्धा तास घालवतात, बाकीची ते सोडून पुढे जातात आणि शेवटी सर्वांना त्याचे गुण द्यावे लागतात. गणित सोडवणाऱ्याची परीक्षा होते तशीच ते काढणाऱ्याचीही होत असते, हे अशा वेळी चांगले समजते. २०२४ सालच्या उन्हाळी सुट्टीत आमच्या छंदवर्गात हा अनुभव आम्हाला आला, तो एका जुन्या संगणक-खेळामुळे. त्या खेळाचा इतिहास आणि आमची फजिती, दोन्ही येथे सांगायचे आहे.

खेळाचे नाव 'लोड रनर'. यातला 'लोड' म्हणजे ओझे नव्हे; खडकातून गेलेली सोन्याची किंवा दुसऱ्या धातूची शीर, असा त्याचा अर्थ. १९८३ च्या मध्यास अमेरिकेतील ब्रॉडरबंड या कंपनीने तो बाजारात आणला. घरात टेबलावर ठेवता येईल असा संगणक त्या काळी नवीनच होता. अ‍ॅपल टू, अटारी, कमोडोर ही नावे तिकडच्या मुलांच्या तोंडी होती. अशा यंत्रांवर खेळ पुष्कळ होते आणि त्यातले बहुतेक दिसेल त्याला गोळी घालण्याचे होते. 'लोड रनर' मध्ये बंदूक नाही आणि उडीसुद्धा नाही. आहे ते फक्त खणणे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याचे नियम सांगतो. पडदा म्हणजे इमारतीचा उभा छेद समजा. विटांचे मजले, त्यांना जोडणाऱ्या शिड्या, मधून ताणलेले आडवे दोर. त्यात एक गडी आहे, तो आपण चालवायचा. जागोजागी सोन्याच्या पेट्या ठेवलेल्या आहेत आणि पाठलागावर पहारेकरी आहेत. गडी धावतो, शिडी चढतो-उतरतो, दोराला लोंबकळत पुढे सरकतो. कितीही उंचावरून पडला तरी त्याला काही होत नाही. मात्र पहारेकऱ्याने गाठले की डाव संपला. त्याच्यापासून वाचण्यासाठी गड्याजवळ एकच युक्ती आहे. आपल्या लगेच डावीकडची किंवा लगेच उजवीकडची, पायाच्या पातळीखालची वीट तो खणू शकतो. स्वतःच्या पायाखाली मात्र त्याला खणता येत नाही. खणलेला खड्डा काही क्षणांनी आपोआप बुजतो. पहारेकरी खड्ड्यात पडला तर थोडा वेळ अडकतो आणि त्याच्या डोक्यावरून चालत पलीकडे जाता येते. खड्डा बुजताना तो आतच राहिला तर नाहीसा होतो आणि पटाच्या वरच्या बाजूला पुन्हा प्रकट होतो. गडीच खड्ड्यात राहिला तर तोही विटेत गाडला जातो. त्याला पुन्हा प्रकट होण्याची सोय नाही. सर्व सोने गोळा झाले की एक लपलेली शिडी दिसू लागते. तिच्यावरून पटाच्या माथ्यावर पोहोचले की पुढचा पट.

खेळासोबतच्या माहितीपुस्तिकेत एक गोष्टही होती. बंजलिंग नावाच्या साम्राज्याने झटपट खाण्याच्या पदार्थांवर जबर कर बसवून जनतेचे सोने लुटले, ते परत आणायचे, अशी ती गोष्ट. खेळताना तिची आठवण कोणालाही होत नसावी.

हा खेळ लिहिणारा डग्लस स्मिथ हा सिअ‍ॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात वास्तुशास्त्र शिकत होता. मजले, जिने आणि छेद यांचा खेळ त्याच्या डोक्यात कसा आला, याचे उत्तर यातच असावे असे म्हणायचा मोह होतो. पण खेळाचे मूळ रूप त्याआधी विद्यापीठाच्या सामायिक संगणकावर तयार झाले होते. त्याचे नाव 'काँग'. प्राइम कंपनीच्या मिनी संगणकावर, फोरट्रॅन भाषेत ते लिहिलेले होते. चित्रे नव्हतीच; कळफलकावरची अक्षरे आणि चिन्हे जुळवून शिड्या व भिंती दाखवत. पुढे ते व्हॅक्स संगणकावर आले, कारण त्याची जोडयंत्रे विद्यापीठात अधिक ठिकाणी होती आणि विद्यार्थ्यांना खेळायला तेवढीच जास्त जागा. १९८२ मध्ये स्मिथने शनिवार-रविवारच्या सुट्टीत त्याचे एक ओबडधोबड रूप अ‍ॅपल टू प्लस यंत्रासाठी तयार केले आणि त्याला 'मायनर' म्हणजे खाणकामगार असे नाव दिले. ऑक्टोबरच्या सुमारास ते ब्रॉडरबंडकडे पाठवले. एका ओळीचे नकाराचे पत्र आले. स्मिथने उसने पैसे घेऊन रंगीत पडदा आणि जॉयस्टिक आणली, खेळ सुधारला, नाव बदलले आणि नाताळच्या सुमारास चार कंपन्यांकडे पाठवला. या वेळी चारही कंपन्यांनी होकार दिला. त्यातली एक ब्रॉडरबंडच होती आणि स्मिथने तिलाच तो दिला.

येथपर्यंतची हकीकत त्या काळच्या पुष्कळ खेळांच्या बाबतीत थोड्याफार फरकाने सांगता येईल. 'लोड रनर' वेगळा ठरला तो दोन गोष्टींमुळे. पहिली म्हणजे त्याच्याबरोबर थोडेथोडके नव्हे, १५० पट दिलेले होते. दुसरी गोष्ट आमच्या दृष्टीने जास्त महत्त्वाची. नवे पट मांडण्याचे साधनही त्याच फ्लॉपीवर होते. स्वतःचा पट मांडावा, खेळून पाहावा, खोडावा, पुन्हा मांडावा, कोऱ्या फ्लॉपीवर साठवावा आणि मित्राला द्यावा. त्यासाठी प्रोग्रॅम लिहिता येण्याची गरज नव्हती. त्याच वर्षी बिल बज याचा, स्वतःचे पिनबॉलचे टेबल जुळवून खेळण्याचा प्रोग्रॅमही गाजला. खेळणाऱ्याच्या हाती रचनेची हत्यारे द्यावीत हा विचार तेव्हा हवेत होता असे दिसते.

हे साधन इतके सोपे कसे ठेवता आले, ते पाहण्यासारखे आहे. शाळेतल्या गणितापलीकडचे त्यात काही नाही.

प्रत्येक पट म्हणजे २८ स्तंभ आणि १६ ओळींची चौकट, म्हणजे ४४८ घरे. अ‍ॅपल टूच्या पडद्यावर २८० गुणिले १९२ ठिपके असत. एक घर १० ठिपके रुंद आणि ११ ठिपके उंच. २८ घरांना २८० ठिपके लागले, रुंदी बरोबर भरली. १६ ओळींना १७६ लागले. उरलेल्या १६ ठिपक्यांच्या पट्टीत तळाची कड आणि गुणांची ओळ बसली.

एका घरात काय काय असू शकते? रिकामी जागा, साधी वीट, न खणता येणारा कातळ, शिडी, दोर, फसवी वीट (दिसते विटेसारखी, पाय ठेवला की आरपार), लपलेली शिडी, सोने, पहारेकरी आणि गडी. मोजून पाहा, दहाच गोष्टी. त्यांना ० ते ९ असे क्रमांक दिलेले होते. पट मांडताना खूण हव्या त्या घरावर न्यायची आणि कळफलकावरचा आकडा दाबायचा, की ती वस्तू तेथे बसली. संगणकाला कधी हात न लावलेल्या मुलालासुद्धा हे पाच मिनिटांत येते.

आता साठवण. संगणकात माहिती ० आणि १ या बिटांत ठेवतात. तीन बिटांत आठ वेगवेगळ्या खुणा होतात, त्या दहा वस्तूंना पुरत नाहीत. चार बिटांत सोळा होतात, त्या पुरून उरतात. म्हणजे एका घराला चार बिट. आठ बिटांचा एक बाइट, तेव्हा एका बाइटात दोन घरे आणि ४४८ घरांना २२४ बाइट. अ‍ॅपलच्या फ्लॉपीवर वर्तुळाकार ३५ मार्ग आणि प्रत्येक मार्गावर १६ खण असत. एका खणात २५६ बाइट मावत. एक पट, एक खण! १५० पटांना १५० खण लागले आणि फ्लॉपीवर एकूण ५६० होते. ज्या यंत्रात साधारणपणे ४८ किलोबाइट एवढीच मेमरी असे, त्याच्यासाठी ही काटकसर आवश्यकच होती. एका वेळी एकच पट मेमरीत आणायचा, तो संपला की पुढचा खण वाचायचा.

वर्गात विचारण्यासारखा एक प्रश्न येथे सहज निघतो. असे एकूण किती पट होऊ शकतील? प्रत्येक घरासाठी दहा पर्याय, घरे ४४८. म्हणजे १ वर ४४८ शून्ये. त्यातले बहुतेक निरर्थक असतील. कोठे गडीच नसेल, कोठे शंभर असतील, कोठे सोने कातळात चहूबाजूंनी बंद असेल. या अफाट ढिगातून खेळण्याजोगे पट निवडायचे म्हणजे नेमके काय करायचे, हा खरा प्रश्न. संगणक त्या बाबतीत काहीच मदत करत नाही. अशक्य पट मांडला तरी तो तक्रार करत नाही. जसा मांडला तसा साठवून ठेवतो. सुटतो की नाही, हे मांडणाऱ्याने पाहायचे.

आमची फजिती झाली ती येथेच.

छंदवर्गात इयत्ता आठवी-नववीची चोवीस मुले होती आणि चालू स्थितीतले संगणक दोन. जुन्या अ‍ॅपलची नक्कल करणारा प्रोग्रॅम त्यांवर चालवून खेळ दाखवला, सर्वांना थोडाथोडा खेळू दिला. मग प्रत्येकाला चौकटीचा कागद दिला आणि पट मांडायला सांगितले. गडी म्हणून चिंचोका, सोने म्हणून शेंगदाणे. (पहिल्याच दिवशी बरेचसे सोने खाल्ले गेले, म्हणून दुसऱ्या दिवसापासून खडे वापरले.) कागदावर पहारेकरी चालवणे जड जाते, म्हणून सुरुवातीला ते ठेवलेच नाहीत. आणि खड्ड्याच्या वेळेसाठी नियम केला, की खणल्यापासून वीस चाली झाल्या की तो बुजतो.

नमुना म्हणून एक पट आम्हीच फळ्यावर काढला. दोन्ही बाजूंना कातळ, मध्ये दोन घरे रुंद विटांचा खांब, तीन थर जाड. खांबाखाली एक खोली, खोलीत सोने. खोलीतून खालच्या मजल्यावर उतरायला वाट होती, पण खालून वर चढायला नव्हती. तेव्हा गड्याने वरून तीन थर खणत खोलीत पोहोचायचे. दिसायला सोपा. मुलांना दहा मिनिटे दिली.

दहाची चाळीस झाली. दोन थर जात होते, तिसरा जात नव्हता. आम्ही मनात म्हणत होतो, मुले घाई करतात, क्रम चुकवतात. मग फळ्यापाशी जाऊन आम्ही स्वतः खणू लागलो. आमचाही गडी दुसऱ्या थरात अडकला आणि वीस चाली होताच गाडला गेला. वर्गात हशा झाला तो झालाच.

शेवटी नववीतली एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, हे होणारच नाही." का, असे विचारल्यावर तिने उलट प्रश्न केला, "शेवटचा खड्डा खणताना गडी कुठे उभा असतो?"

तिचे म्हणणे असे होते. गडी एखाद्या थरातल्या रिकाम्या घरांत उतरला आहे आणि खालच्या थरात खड्डे खणतो आहे. शेवटचा खड्डा खणताना तो ज्या घरात उभा असतो, त्याच्या खालची वीट शाबूतच असली पाहिजे. नाहीतर तो खाली पडला असता. बाजूला कातळ असल्यामुळे उभे राहायला दुसरी जागाही नाही. म्हणजे वरच्या थरात जितकी घरे मोकळी, त्यापेक्षा खालच्या थरात निदान एक तरी कमीच मोकळे होणार. वर दोन, त्याखाली एक, त्याखाली शून्य. तिसरा थर फुटणे शक्यच नाही. वरच्या पृष्ठभागाची गोष्ट वेगळी. तेथे काठावरच्या कातळावर उभे राहून दोन्ही विटा खणता येतात.

तिने 'सिद्धता' हा शब्द वापरला नाही, पण ती सिद्धताच होती, आणि तीही एखादी गोष्ट अशक्य असल्याची. शंभर वेळा प्रयत्न करून ती मिळत नाही. आमच्या पाठ्यपुस्तकांत अशी उदाहरणे फार थोडी येतात. दोनचे वर्गमूळ परिमेय नाही हे त्यातले एक. ते मुले पाठ करतात. येथे चाळीस मिनिटे खणून दमल्यावर अशक्यतेचे कारण सापडले होते, तेव्हा ते समजावून सांगण्याची गरजच पडली नाही.

मग पुढचा प्रश्न मुलांनीच काढला : तीन थरांसाठी कमीत कमी किती विटा खणाव्या लागतील? वरच्या थरात तीन, मग दोन, मग एक, एकूण सहा. वाचकांनी चौकटीच्या कागदावर करून पाहावे. पहिल्या थरात लांबची वीट आधी खणायची, एक घर मागे सरायचे, पुढची खणायची, पुन्हा मागे; तिन्ही झाल्या की जवळच्या खड्ड्यात उतरायचे आणि खालच्या थरात तोच क्रम चालवायचा. सोन्यापर्यंत वीस चालींच्या आत पोहोचता येते. चार थरांना दहा विटा, पाच थरांना पंधरा. एक, तीन, सहा, दहा, पंधरा या त्रिकोणी संख्या मुलांनी पाठ्यपुस्तकात ठिपके मांडून पाहिल्या होत्या. येथे त्या उलट्या त्रिकोणाच्या रूपाने विटांत उतरल्या. थर वाढले की चालीही याच प्रमाणात वाढतात आणि खड्डे मात्र ठरल्या वेळी बुजतात. त्यामुळे फार खोल खणणे वेळेत बसत नाही. तेव्हा पट मांडणाऱ्याने रुंदी आणि वेळ, दोन्हींचा हिशेब ठेवला पाहिजे.

आमचा पट एक घर रुंद करून दुरुस्त केला. ती दुरुस्तीही त्या मुलीनेच फळ्यावर केली.

दुसऱ्या आठवड्यात पहारेकरी आले. त्यांच्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण खेळाची खरी गंमत त्यांच्यात आहे. प्रथम पाहणाऱ्याला ते मूर्ख वाटतात. गडी चार घरांवर असतानाही पहारेकरी पाठ फिरवून लांबच्या शिडीकडे चालू लागतो. वास्तविक त्याचे वागणे नियमाने बांधलेले आहे. आपण आणि गडी एकाच ओळीत असू आणि मध्ये वाट असेल तर तो सरळ गड्याकडे येतो. तसे नसेल तर आपल्या ओळीतून वर किंवा खाली जाण्याच्या जागा पाहतो आणि गड्याच्या ओळीच्या जवळ नेणारी निवडतो. आडव्या अंतरापेक्षा उभे अंतर त्याला महत्त्वाचे. म्हणून गडी एका शिडीवर दोन पायऱ्या वर-खाली झाला, की पलीकडचा पहारेकरी दिशा बदलतो. चांगला खेळाडू हे ओळखून त्यांना मेंढरांसारखे हाकतो. पहारेकरी वाटेतले सोने उचलून नेतात आणि खड्ड्यात पडले की ते त्यांच्याकडून सुटते. त्यामुळे काही पटांत गड्याला पोहोचताच येणार नाही अशा जागी सोने असते. ते पहारेकऱ्याकडून आणवून घ्यायचे! शत्रूला आपल्या कामाला लावण्याची ही कल्पना मुलांना फार आवडली. आमच्या मते 'लोड रनर' धावपळीचा खेळ असूनही कोड्यांत गणला जातो तो यामुळे. नियम थोडे, लपवलेले काही नाही आणि त्यांच्या एकमेकांवरील परिणामातून न संपणारे प्रश्न.

इतर देशांतला त्याचा प्रवास थोडक्यात सांगून टाकू. १९८४ मध्ये हडसन सॉफ्ट या जपानी कंपनीने तो निन्तेन्दोच्या फॅमिकॉम यंत्रावर आणला आणि जपानमध्ये तो विलक्षण लोकप्रिय झाला. त्या यंत्राला फ्लॉपी नव्हती. मांडलेला पट यंत्र बंद करताच पुसला जाई. ज्यांच्याकडे कॅसेटवर नोंद करण्याचे जोडयंत्र होते त्यांनाच तो ठेवता येई. मॉस्कोत 'टेट्रिस' रचणारे अलेक्सेई पाजित्नोव यांनी पुष्कळ वर्षे आपला सर्वांत आवडता कोड्याचा खेळ 'लोड रनर' होता असे सांगितले आहे. स्मिथचे २०१४ साली निधन झाले.

पण आम्हाला जास्त अर्थपूर्ण वाटते ती १९८४ चीच दुसरी घटना. त्या वर्षी ब्रॉडरबंडने 'चॅम्पियनशिप लोड रनर' काढला. त्यात ५० पट होते, सर्व पट्टीच्या खेळाडूंसाठी, आणि त्यातले काही खेळणाऱ्यांनी मांडलेले होते. वर्षभरापूर्वी जे ग्राहक होते त्यांच्यापैकी काहींची कोडी आता कंपनी इतरांना विकत होती. पट मांडण्याचे साधन फुकट वाटले तर पुढचा खेळ कोण विकत घेणार, अशी भीती एखाद्या व्यापाऱ्याला वाटली असती तर नवल नव्हते. घडले ते उलटेच.

हे पट कठीण कशाने होतात? आकाराने नव्हे, पटाचा आकार तोच, वस्तू त्याच दहा. कठीण होतात ते क्रमाने. कोणती पेटी आधी घ्यावी, कोणता खड्डा कोणत्या क्षणी खणावा, कोणत्या पहारेकऱ्याला कोठे अडकवून ठेवावे. एकदा खाली उतरले की वर यायची वाट नाही अशी जागा असेल, तर तिच्या आधी करायची सर्व कामे आठवावी लागतात. अशा क्रमांची संख्या पेट्यांबरोबर भराभर वाढते. पाच पेट्या घेण्याचे १२० क्रम, दहा पेट्यांचे ३६ लाखांहून अधिक.

गणितज्ञांनीही पुढे याची दखल घेतली. २०१२ मध्ये जोव्हानी विल्येत्ता या संशोधकाने काही जुन्या संगणक-खेळांची काठिण्यपातळी तपासणारा निबंध प्रसिद्ध केला. त्यात 'पॅक-मॅन' आणि 'लेमिंग्ज' यांच्याबरोबर 'लोड रनर' ही होता. निष्कर्ष असा : पट कितीही मोठा घेण्याची मुभा असेल तर 'हा पट सुटू शकतो का?' हा प्रश्न संगणकशास्त्रात ज्यांना एनपी-हार्ड म्हणतात त्या वर्गात मोडतो. याचा सोप्या भाषेत अर्थ असा, की वाटेल तो पट समोर ठेवला असता तो सुटणारा आहे की नाही हे झटपट ठरवणारी सर्वसाधारण रीत कोणाला माहीत नाही. आणि तशी रीत सापडलीच, तर नकाशावरील प्रत्येक गावाला एकदाच भेट देणारी वाट शोधण्यासारखे अनेक प्रसिद्ध अवघड प्रश्नही तिने झटपट सुटतील. २८ गुणिले १६ च्या ठरावीक पटाला हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येत नाही, हेही सांगायला हवे. तो पट वाढत जाण्याविषयी आहे. तरी पट मांडणाऱ्याच्या अडचणीचे मूळ त्यातून कळते. १९८३ च्या त्या फ्लॉपीवर पट तपासून देणारी सोय का नव्हती, हा आमच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न होता. छोट्या यंत्राची कुवत हे एक कारण झालेच; पण आजच्या मोठ्या यंत्रालाही हे काम सरसकट सोपे नाही. पट सुटतो हे दाखवण्याचा खात्रीचा मार्ग एकच : बसून तो सोडवून दाखवणे.

म्हणून आमच्या वर्गात तिसऱ्या आठवड्यापासून एक नियम झाला. नियम मुलांनीच केला, बहुधा आमच्या फळ्यावरच्या पटाचा धडा घेऊन. जो पट मांडील त्याने त्याची सोडवणूक चालींच्या क्रमाने कागदावर लिहायची आणि घडी करून वर्गशिक्षकांकडे ठेवायची. तिघांनी प्रयत्न करूनही पट सुटला नाही तरच घडी उघडायची. घडीतली सोडवणूक चुकीची निघाली तर पट बाद आणि मांडणाऱ्याने वर्ग झाडायचा.

या नियमाचा परिणाम आम्ही पाहिला तो असा. पहिल्या आठवड्यात मुलांचे पट गच्च भरलेले होते. जिकडे तिकडे सोने, शिड्याच शिड्या, एकाने तर गड्याभोवती अकरा पहारेकरी उभे केले होते. सोडवणूक लिहावी लागेल म्हटल्यावर पट मोकळे होऊ लागले. ज्याचा उपयोग सांगता येत नाही ती शिडी मांडणाराच खोडू लागला. 'हा दोर कशाला?' असे मुले एकमेकांना विचारत. एका मुलाच्या पटात शेवटी सोन्याच्या फक्त दोन पेट्या उरल्या, आणि तरी तो सोडवायला वर्गाला पूर्ण तास लागला. दोन आठवड्यांत बाद झालेले पट सात, त्यातला एक आमचा. त्या दिवशी वर्ग आम्ही झाडला.

छंदवर्ग संपला त्या दिवशी आठवीतल्या एका मुलाने आपला पट दिला. तोवर फारसे न बोललेला हा मुलगा. चार पेट्या, दोन पहारेकरी, एकच शिडी आणि डाव्या कोपऱ्यात एक फसवी वीट, जिच्यावरून जाण्याचे काही कारण दिसत नाही. तिघांनी प्रयत्न केला, मग आम्ही केला. चौथी पेटी राहते. नियमाप्रमाणे आता घडी उघडायला हरकत नाही आणि ती कपाटातच आहे. पण ज्या मुलीने आमचा खांब अशक्य ठरवला, तिने ती उघडू दिलेली नाही. फसव्या विटेचे काम काय, ते तिला स्वतः शोधायचे आहे. त्यासाठी पटाची नक्कल करून ती घरी घेऊन गेली आहे.